दोन दिवसांचा धूर

"शिट्टीच नाई होऊन राहिली, भाऊजी," म्हणत गोदावरीबाईंनी कुकर अंगणातल्या खाटेवर ठेवला आणि पदरानं मान पुसली. "तीन दिवस झाले, डाळ कच्चीच रायते. वरून घरच्याचं बोलनं खा."

चंद्रभानांनी झाकण उचलून उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटून शिट्टीच्या नळीतून आरपार पाहिलं.

"शिट्टीले काई नाई झालं. नळीत डाळ अटकली. अन् हे रबर पाहा, कसं ताठलं. फिरीजमंधी ठेवत जा, महिने चालते."

"फिरीज!" गोदावरीबाई हसल्या. "कारखाना चालू रायला असता तं फिरीज बी आलं असतं घरी."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. चंद्रभानांनी खिशातल्या डबीतून तार काढली, नळीत घातली आणि हलक्या हातानं फिरवू लागले. ओसरीत त्यांची मुलगी रंजिता वाचनालयातली फाटकी पुस्तकं चिकटवत बसली होती. शनिवारी भंडाऱ्याचं वाचनालय अर्धा दिवस असायचं आणि उरलेला अर्धा दिवस ती असं काहीतरी काम घरी घेऊन यायची.

चंद्रभान सव्वीस वर्षं महामार्गाला लागून असलेल्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. सरकारी परीक्षा पास झालेले बॉयलर अटेंडंट. भट्टीत धानाचा कोंडा जळायचा, त्याच्यावर वाफ व्हायची आणि त्या वाफेवर पुठ्ठा वाळायचा. कारखाना बंद पडून आता तीन वर्षं होत आली होती. वाफेची त्यांची विद्या शहापूर गावातल्या कुकरांपुरती उरली होती. गावातल्या बाया कुकर घेऊन बेधडक अंगणात येत, चहा पीत, गप्पा मारत. त्यांचे नवरे मात्र या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघून जात.

गोदावरीबाईंचा नवरा मंगरू, चंद्रभानांच्या समोर उभा राहून बावीस वर्षं भट्टीत कोंडा टाकणारा, तोही त्यातलाच.

"उद्या आमदार भय्याजी येऊन राहिले गावात," गोदावरीबाई म्हणाल्या. "नवीन कंपनी घेते म्हन्ते कारखाना. सरकार पुन्हा पॅकेज देते म्हन्ते. ग्रामपंचायतीसमोर सभा आहे. युनियनचा धनंजय जुन्या कामगारायची यादी करून राहिला."

"यायचं नाव आहे यादीत?" स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रभानांच्या बायकोनं, सुमित्राबाईंनी विचारलं.

"मले कुठं वाचता येते, बाई," गोदावरीबाई म्हणाल्या आणि कुकरचा दांडा पुसू लागल्या. तो काही मळलेला नव्हता.

चंद्रभानांनी झाकण लावून दिलं. "घ्या. आता होते शिट्टी. अन् घरी सांगू नका मी केला म्हनून."

"त्याइनंच तं सांगतलं," गोदावरीबाई उठत म्हणाल्या. "दुकानात कायले नेतं, म्हन्ले. तिकडंच ने."

त्या गेल्या तरी बराच वेळ चंद्रभान तार हातात धरून खाटेवर बसून होते.

*

दोन वर्षांपूर्वी, कारखाना बंद होऊन अकरा महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट.

त्या दिवसांत रंजिताचे बाबा पहाटेच उठत, आंघोळ करत, कंपनीचा खाकी शर्ट घालत आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन बसत. पहिल्या पाळीची वेळ टळेपर्यंत. मग शर्ट काढून, घडी करून पेटीत ठेवत. "कोनाची वाट पाहून राहिले?" असं आईनं एकदा विचारलं होतं. "कोनाची नाई. झोप नाई येत," ते म्हणाले होते. रंजिता आत अंथरुणावर पडून हे ऐकत असे. पुस्तकांत तिनं बेकारी पुष्कळ वाचली होती. पण घडी केलेल्या शर्टाबद्दल कुणी काही लिहिलेलं तिला आठवत नव्हतं.

आणि एके दिवशी मॅनेजरचा फोन आला. दोन दिवस बॉयलर चालवायचा होता. सरकारचे आणि बँकेचे लोक कारखाना पाहायला येणार होते. कारखाना जिवंत आहे असं त्यांना दिसलं, की कंपनीला पॅकेज मिळणार होतं. अर्धं कर्ज बँक सोडणार होती, विजेचं थकलेलं बिल सरकार माफ करणार होतं. आमदार भय्याजींनी त्यासाठी मुंबईपर्यंत जोर लावला होता. पॅकेज मिळालं की सगळ्यांना परत बोलावू, असं मॅनेजर म्हणाला होता.

त्या दिवशी बाबांनी अकरा महिन्यांत पहिल्यांदा मन लावून दाढी केली.

मंगरूला बोलावणं नव्हतं. कोंडा टाकायला नागपूरहून दोन अनोळखी माणसं आणली होती. बाबांनी आदल्या दुपारपासून बॉयलर हळूहळू तापवत आणला. घाई केली तर आतली वीट तडकते. दुसऱ्या दिवशी सकाळी धुराड्यातून धूर निघाला आणि शहापूर रस्त्यावर आलं. कुणी फटाके लावले. गोदावरीबाईंनी धावत येऊन सुमित्राबाईंच्या आणि रंजिताच्या तोंडात साखर घातली. भय्याजींनी बॉयलरसमोर नारळ फोडला आणि खाकी शर्टातल्या चंद्रभानांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या भुवयांवर कोंड्याची धूळ होती. जेवता जेवता म्हणाले, "मॅनेजर म्हन्ते, ओला कोंडा टाका. धूर काळा पायजे, दुरून दिसला पायजे. मी म्हनलं, साहेब, सव्वीस वर्षं धूर कमी कराचा पगार घेतला मी." मग हसले. "टाकला पन. आता काय करतं."

जेवण झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागद काढला. इंग्रजीत टाइप केलेला. उद्या त्यावर सही करून द्यायची होती.

"वाच बरं, रंजू. काय लिहिलं व?"

रंजितानं उभ्या उभ्याच वाचला. मग दिव्याखाली जाऊन पुन्हा वाचला. कारखाना बाहेरून आणलेल्या माणसांवर दोन्ही पाळ्यांत चालला आणि दोन दिवसांत इतके टन पुठ्ठा तयार झाला, असं त्यात होतं. उद्याचा दिवस अजून उजाडायचा होता. आणि खाली एक वाक्य होतं : सर्व कामगारांना कामावर येण्याची सूचना दिली होती, मात्र कोणीही हजर झाले नाही. त्याच्याखाली बाबांचं नाव, हुद्दा आणि सहीची जागा.

"बॉयलर चालवला म्हनून लिहिलं आहे," ती म्हणाली.

"लगदा नाई, मशीन थंडी. वाफ नुसती वर सोडून राहिलो मी. मॅनेजरले म्हनलं, हे कायले? तं म्हन्ते, ट्रायल आहे. मले काई बरोबर नाई वाटून राहिलं." ते थांबले. "सही करू काय?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. गुळगुळीत दाढी, भुवयांवरची ती धूळ, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेला दमलेपणा. खरोखरच्या कामाचा दमलेपणा. आपण आता हा कागद समजावून सांगितला, तर उद्या हा माणूस कारखान्यात जाणार नाही. परवापासून पुन्हा खाट, शर्ट आणि घडी. एवढंच त्या क्षणी तिच्या मनात आलं. बाकीचं तिनं मनात येऊ दिलं नाही.

"करा," ती म्हणाली.

पॅकेज मिळालं. वर्तमानपत्रांत फोटोसह बातम्या आल्या. पाच महिन्यांनी कंपनीनं पुठ्ठ्याचं मशीन उचकटलं आणि मोठमोठ्या ट्रेलरवर लादून दुसऱ्या राज्यातल्या आपल्या कारखान्यात नेलं. भय्याजींनी निषेधाचं पत्रक काढलं. तीनशे ऐंशी कामगार भरपाईसाठी कोर्टात गेले, तेव्हा कंपनीच्या वकिलानं तो कागद पुढे केला. कारखाना आम्ही सुरू केला होता, यांनाच काम नको होतं, हा त्यांच्याच माणसाचा पुरावा.

युनियनच्या धनंजयनं बंद गेटसमोर त्या कागदाचं मराठी करून मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर सगळ्या माना वळल्या. चंद्रभान उभे राहिले.

"सही माझी आहे," ते म्हणाले आणि बसले.

आपल्याला इंग्रजी येत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. तो कागद आपल्याला घरी कुणी वाचून दाखवला, हेही नाही. त्या दिवसापासून गावातला एकही पुरुष त्या अंगणात आला नव्हता.

*

"रंजू," चंद्रभानांनी हाक मारली. गोदावरीबाई जाऊन अर्धा तास झाला असेल. अंगणात ऊन कलत होतं. "जरा बस व इथं."

ती पुस्तक ठेवून खाटेच्या काठावर बसली.

"उद्या सभेत जाईन म्हन्तो मी."

"कायले, बाबा? अपमान करतीन लोक."

"करतीन तं करतीन. यादीसाठी नाई जाऊन राहिलो. माझं वय झालं, मले कोन ठेवते आता. पन एकदा सगळ्यायसमोर सांगाचं आहे, का त्या कागदात काय लिहिलं होतं ते मले मालूम नव्हतं." ते हातातली तार वाकवत होते, पुन्हा सरळ करत होते. "वर्स-दीड वर्स सांगतलं नाई, कारन मंग लोक विचारतीन, घरी एवढी शिकलेली पोट्टी आहे, तिले काहून नाई विचारलं? विचारलं म्हनलं का तुझ्यावर येते. तं मी आता असं सांगीन, का तिले बी नाई समजलं. कोर्टाची इंग्रजी वेगळीच रायते. चालंन ना तुले?"

खाटेची एक दोरी उसवली होती, ती रंजितानं बोटाला गुंडाळली.

"तुले वाईट वाटंन, का बाप चारचौघांत म्हन्ते पोरीले इंग्रजी नाई समजलं," ते म्हणाले. "वाचनालयात काम करते तू. हसतीन लोक. म्हनून विचारून राहिलो."

ते तिची परवानगी मागत होते. तिच्या एवढ्याशा इभ्रतीची काळजी त्यांना होती, आणि त्यापायी वर्ष-दीड वर्ष ते गावाला तोंड चुकवून राहिले होते. समजलं नसेल तिला, हे त्यांनी इतकं धरून ठेवलं होतं, की त्यांच्या डोळ्यांत शंकेचा मागमूस नव्हता. आता सांगितलंच पाहिजे, असं तिला वाटलं. तोंडही उघडलं.

"उद्या पाहू ना, बाबा," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

"ठेव. साखर कमी टाक, तुह्या मायले सांगू नको मी सांगतलं म्हनून. तिले वाटते, तिच्याच धाकानं बंद झाली माझी साखर."

चहा पिऊन ते केस कापायला गेले. सभेत नीट दिसायला हवं, म्हणाले.

*

रविवारी सकाळी नळ आला. बादली भरून वाहू लागली, आणि अंगणभर पाणी झालं तरी ती कुणी बाजूला का करत नाही म्हणून सुमित्राबाई बाहेर आल्या. चंद्रभान भिंतीला टेकून बसले होते. हात छातीवर होता. भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुपारी तीन वाजता तिरडी उचलली. रंजिता चप्पल घालून निघाली तशी आत्या म्हणाली, "बाया नाई जात घाटावर, माय."

"जाऊ द्या तिले," सुमित्राबाई म्हणाल्या.

भय्याजींची सभा नुकतीच संपली होती. म्हणून मोक्षधामात माणसं पुष्कळ आली. नव्या कंपनीचं ऐकायला आलेले कामगार तसेच इकडे वळले होते, पण टिनाच्या शेडखाली कुणी बसलं नाही. ते रस्त्याच्या कडेला, आपापल्या मोटारसायकलींना टेकून उभे राहिले. आलो आहोत, पण बसलो नाही, असं.

पुतण्या कैलाश आणि त्याचे मित्र लाकडं रचत होते. एकावर एक, गच्च. मंगरू रस्त्यावरून पाहत होता. पाहता पाहता त्याला राहवेना. तो तरातरा आत आला.

"हटा बे! असं रचतेत काय? खालून हवा नाई लागली तं काय जळंन?" त्यानं मधली दोन लाकडं उपसून काढली, बाकीची आडवी-तिडवी केली, खाली वाकून मोकळी जागा पाहिली. "यानं पाह्यलं असतं तं शिव्या देल्या असत्या मले," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत शेडच्या एका खांबाजवळ जाऊन बसला. एकटाच.

कैलाशनं अग्नी दिला. लाकडं नीट धरली. आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिथेच शोकसभा सुरू झाली. गावातल्या प्रत्येक मयतीची शोकसभा निवृत्त शिक्षक गुलाब गुरुजी चालवत. त्यांची वाक्यं ठरलेली असत, फक्त नाव बदलायचं. सरपंच दोन शब्द बोलले. युनियनच्या धनंजयला गुरुजींनी खूण केली, पण त्यानं रस्त्यावरूनच मान हलवून नको म्हटलं. मग भय्याजी उठले.

"चंद्रभानजी हे साधे कामगार नव्हते," ते म्हणाले. सभेत बोलून त्यांचा आवाज बसला होता, त्यामुळे तो खराच भरून आल्यासारखा वाटत होता. "आज लोक म्हणतात, कारखाना सुरूच झाला नाही, पॅकेज पाण्यात गेलं. मित्रांनो, कारखाना सुरू झाला होता! मी माझ्या डोळ्यांनी धूर पाहिला. कोण आलं, कोण नाही आलं, त्यात मी जात नाही. पण हा एक माणूस कामावर हजर होता. त्याच्या सहीनिशी ते कागदावर आहे. नवीन कारखाना उभा राहील, तेव्हा बॉयलर हाउसला चंद्रभानजींचं नाव देऊ, हा माझा शब्द."

रस्त्याच्या कडेला कुणीतरी थुंकलं. एक मोटारसायकल सुरू झाली, तिच्यामागे दुसरी. खांबाजवळ बसलेला मंगरू गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि कुणाकडे न बघता फाटकाकडे चालू लागला.

"आता दोन मिनिटं उभं राहून..." गुलाब गुरुजींनी सुरुवात केली.

"गुरुजी, थांबा," रंजिता म्हणाली.

तिचा आवाज फार मोठा नव्हता. तरी गुरुजी थांबले. मयतीत बाई बोलते तेव्हा काय करायचं, हे त्यांच्या ठरलेल्या वाक्यांत नव्हतं.

"बसा, ताई," भय्याजी मायेनं म्हणाले. "दुःख मोठं आहे. आपल्याच वाचनालयात आहेत या," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. "मी अध्यक्ष आहे तिथं."

"कारखाना चालू नव्हता झाला," रंजिता म्हणाली. ती चितेकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. "लगदा नव्हता. मशीन थंडी होती. बाबा दोन दिवस नुसती वाफ वर सोडत होते. पुठ्ठ्याचा एक तुकडा नाई निंगाला. धूर दिसावा म्हनून ओला कोंडा टाकाले लावला."

मोटारसायकली बंद झाल्या. धनंजय दोन पावलं पुढे आला.

"बाबांले इंग्रजी येत नव्हतं. तो कागद त्याइनं घरी आनला, माझ्या हातात देल्ला अन् म्हन्ले, वाच. त्यात लिहिलं होतं, का कामगारायले बलावलं अन् कोनी आलं नाई. तुमाले कोनी बलावलंच नव्हतं."

"ताई, हे कोर्टातलं प्रकरण आहे," भय्याजी म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज बसलेला नव्हता. "इथं नको."

मंगरू फाटकात थांबला होता. तिथूनच त्यानं विचारलं, "मंग बापाले सांगतलं काहून नाई व तू? समजलं नाई तुले?"

सगळे तिच्याकडे बघत होते. नाई समजलं, असं म्हणणं अगदी सोपं होतं. काल बाबांनी तेच उत्तर तिच्यासाठी तयार करून ठेवलं होतं, आणि ते गावानं मानलंही असतं.

"त्याइनं विचारलं होतं, काका," ती म्हणाली. "सही करू काय म्हनून. मी म्हनलं, करा."

मंगरूला ते पुरलं नाही. तो तसाच बघत राहिला.

रंजिता वळली. जाळ आता सगळीकडून लागला होता, उभं राहवत नव्हतं इतकी धग होती, तरी ती एक पाऊल पुढे गेली.

"मले समजलं होतं, बाबा," ती म्हणाली. "पयल्यांदा वाचला तवाच समजलं होतं."